हृदय बंद पडलं तर जगणं-मरणं गावावर कसं ठरतं? कार्डिॲक अरेस्ट आणि सीपीआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्त फिरतं ठेवण्याचं, शिबिर घ्यायला बसलं की पहिला अर्धा तास हात कुठे ठेवायचे आणि दाब किती द्यायचा यात जातो. मग चहा येतो आणि खरे प्रश्न सुरू होतात. त्यातला एक हमखास असतो: "अमेरिकेत लोक वाचतात, मग आपल्याकडे का वाचत नाहीत?" या प्रश्नातच एक गोची आहे. अमेरिकेतही सगळीकडे वाचत नाहीत. सिॲटलला वाचतात, अलाबामात फारसे नाहीत, आणि सिॲटलमध्येसुद्धा कोण कुठे कोसळलं यावर बरंच काही असतं. हे पान त्या चहाच्या वेळच्या प्रश्नांचं आहे.

हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट एकच ना?

नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत अडथळा येतो. माणूस घामाघूम होतो, छातीत कळ येते, पण तो बोलत असतो आणि नाडी लागत असते. त्याला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. पुष्कळदा ते पूर्ण थांबलेलंही नसतं, आत नुसतं थरथरत असतं. या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात आणि विजेचा शॉक लागतो तो तिच्यासाठी. काही सेकंदांत शुद्ध जाते. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण अरेस्टला इतरही कारणं असतात.

पेपरात मात्र दोन्हीला "हृदयविकाराचा झटका" असंच छापतात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात चित्र बसतं ते छाती धरून खुर्चीत बसलेल्या माणसाचं. समोर जमिनीवर निपचित पडलेला माणूस त्या चित्रात बसत नाही, आणि आपण "चक्कर आली असेल" म्हणून पाणी शिंपडत राहतो.

एकाच देशात इतका फरक पडतो, याला काही पुरावा आहे का?

आहे, आणि भक्कम आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या दहा ठिकाणी १ मे २००६ ते ३० एप्रिल २००७ या वर्षात दवाखान्याबाहेर झालेल्या २०,५२० अरेस्टची नोंद करण्यात आली. त्यात अलाबामा, डॅलस, आयोवा, मिलवॉकी, पिट्सबर्ग, पोर्टलंड आणि सिॲटल होतं, आणि कॅनडाकडून ओटावा, टोरंटो आणि व्हँकुव्हरचा भाग. २००८ मध्ये हा अभ्यास छापून आला.

ज्यांच्यावर रुग्णवाहिकेच्या लोकांनी उपचार सुरू केले, त्यांतले अलाबामात १०० मधले ३ घरी परतले. सिॲटलमध्ये १६. ज्यांचं हृदय थरथरत होतं, म्हणजे ज्यांना वाचवता येण्याची सगळ्यात जास्त आशा होती, त्यांच्यात एका टोकाला ७.७ टक्के आणि दुसऱ्या टोकाला ३९.९ टक्के. आजार तोच, शॉक देणारं यंत्र तेच, औषधं तीच.

पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या १३२ काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांचे, आकडे आले. तिथे जगणाऱ्यांचं प्रमाण ३.४ टक्क्यांपासून २२ टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. यातला काही फरक रुग्णांच्या वयामुळे आणि आजारामुळे पडतो, काही दवाखान्यातल्या पुढच्या उपचारांमुळे. पण एक धागा प्रत्येक वेळी हाताला लागतो: रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या कुणी छातीवर दाब दिला होता का?

तेवढ्या पाच-दहा मिनिटांनी खरंच काय फरक पडतो?

दाब न देता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहिलं की हातात जवळपास काही उरत नाही. दाब चालू असेल तर ही घसरण मिनिटाला ३-४ टक्क्यांवर येते. स्वीडनमध्ये कुणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेल्या ३०,३८१ लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. गाडी पोचण्याआधी सीपीआर मिळालेल्यांपैकी १०.५ टक्के महिन्यानंतर जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी ४ टक्के.

हे आकडे शिबिरात सांगितले की एखादे काका हमखास म्हणतात, "म्हणजे दहातले नऊ तरीही गेलेच की." खरं आहे. पण वाचलेला एक कुणाच्या तरी घरचा असतो, आणि तो चारचा दहा झाला तो फुकट झाला. यंत्र नाही, औषध नाही, दोन तळहात.

मग मोठ्या शहरात राहणं बरं, नाही का? दवाखाने जवळ असतात.

असं वाटतं खरं. १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत हिशेब मांडला तेव्हा दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जेमतेम २ टक्के वाचले होते. न्यूयॉर्कचा आकडा १९९४ मध्ये आला, १.४ टक्के. जगातली उत्तमोत्तम रुग्णालयं असलेली ही दोन शहरं. त्याच सुमारास २९ शहरांची आणि भागांची तुलना छापून आली होती, तीत एका टोकाला २ टक्के होते आणि दुसऱ्या टोकाला, सिॲटलच्या आसपासच्या किंग काउंटीत, २५ टक्के.

मोठ्या शहरात अंतर नकाशावर कमी असतं आणि प्रत्यक्षात जास्त. वाहतूक, गेट, वॉचमनची वही, लिफ्ट. टोरंटोच्या भागातला २०१६ चा अभ्यास मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक टॉवरच्या नोटीस बोर्डावर लावावा असा आहे. तिसऱ्या मजल्याखाली कोसळलेल्यांपैकी ४.२ टक्के वाचले, त्याच्या वरच्यांपैकी २.६ टक्के. सोळाव्याच्या वर २१६ जणांपैकी फक्त दोघे. पंचविसाव्याच्या वर ३० जण, त्यांतला एकही नाही. गाडी इमारतीखाली वेळेत आली होती. माणूस वर होता. घराच्या जाहिरातीत "सी व्ह्यू" लिहितात, हे कुणी लिहीत नाही.

उलट उदाहरण लास व्हेगासच्या जुगारखान्यांचं आहे. तिथल्या सुरक्षारक्षकांना शॉक द्यायचं यंत्र वापरायला शिकवलं होतं, आणि कॅमेरे तर टेबलाटेबलावर असतातच, पैशांवर नजर ठेवायला. हृदय थरथरण्याच्या अवस्थेत कोसळलेल्या १०५ जणांपैकी ५६ वाचले, म्हणजे निम्म्याहून जास्त. तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होतं. हा अभ्यास २००० सालचा. अरेस्ट व्हायचाच असेल तर रक्षक पगारी आणि कॅमेरे चालू असतील अशा ठिकाणी व्हावा, एवढाच निष्कर्ष काढून आमच्या शिबिरातला एक मुलगा खूश झाला होता. पण बहुतेक अरेस्ट घरातच होतात.

सिॲटलने असं काय केलं?

गोष्ट बेलफास्टपासून सुरू होते. फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने १९६६ मध्ये शॉक देण्याचं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं. तोवर ते दवाखान्यातच असायचं आणि रुग्ण तिथवर पोचेपर्यंत त्याचा उपयोग संपलेला असायचा. हे वाचून सिॲटलचे डॉक्टर लिओनार्ड कॉब तिथल्या अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्याकडे गेले. आगीचे बंब शहरभर विखुरलेले असतात आणि कुठेही मिनिटांत पोचतात, मग त्याच जवानांना हृदयाचं काम का शिकवू नये? १९७० मध्ये 'मेडिक वन' सुरू झालं. पहिली गाडी म्हणजे एक थोराड मोटारहोम होती. लोकांनी तिचं नाव 'मोबी पिग' ठेवलं.

मात्र जवान कितीही चपळ असले तरी पहिली काही मिनिटं त्यांच्या हातात नसतात. ती शेजाऱ्याच्या हातात असतात. म्हणून पुढच्याच टप्प्यात 'मेडिक टू' नावाने सामान्य नागरिकांना सीपीआर शिकवायला सुरुवात झाली. त्या काळी हे धाडसच होतं. छातीवर दाब देण्याची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये मांडली होती आणि ती डॉक्टरांचीच मिरास आहे असं बहुतेक डॉक्टरांना वाटे. सिॲटलने काही वर्षांत लाखाहून अधिक लोक शिकवून टाकले.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात हुशारीची वाटते. शिकवलेले लोकही आयत्या वेळी गोठतात, आणि न शिकलेले तर असतातच. १९८० च्या दशकात किंग काउंटीत मिकी आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाच शिक्षक केलं. फोनवर दोन प्रश्न: माणूस शुद्धीवर आहे का? श्वास नीट चालू आहे का? दोन्हीचं उत्तर "नाही" आलं की "मी सांगतो तसं करा". त्यानंतर जवळच्या लोकांनी सीपीआर दिल्याचं प्रमाण ४५ वरून ५६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे कोर्स न केलेला माणूसही कामाला आला.

चौथी गोष्ट कंटाळवाणी आहे म्हणून कुणी सांगत नाही. ते प्रत्येक अरेस्टची नोंद ठेवतात, फोनचं रेकॉर्डिंग ऐकतात, कुठे किती सेकंद वाया गेले ते पाहतात आणि पुढच्या महिन्यात सुधारतात. पन्नास वर्षं.

म्हणजे गरीब वस्त्यांत लोक मदत करत नाहीत, असं म्हणायचंय का?

नाही, आणि हा प्रश्न जरा खोलात जाऊन बघायला हवा, कारण आकडे वरवर तसंच सांगतात. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात १४,२२५ अरेस्ट कुठल्या वस्तीत झाले ते तपासलं. श्रीमंत गोऱ्या वस्तीच्या तुलनेत गरीब कृष्णवर्णीय वस्तीत सीपीआर मिळण्याची शक्यता निम्म्यावर होती. मग वाटतं, हा वस्तीचा दोष. पण २०२२ मध्ये एक लाख दहा हजार अरेस्ट बघितले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. घराबाहेर, चारचौघांत कोसळलेल्या गोऱ्या माणसाला ६० टक्के वेळा सीपीआर मिळाला. कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, माणसाला ४५.६ टक्के वेळा. म्हणजे प्रश्न फक्त वस्तीचा नाही. रस्त्यात पडलेला माणूस बघणाऱ्याला कोण वाटतो, याचाही आहे. दारूडा वाटला की आपणही वळसा घालून जातो, तेच.

शिकवणी कुठे मिळते हेही बघा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या काउंट्यांमधल्या सीपीआर वर्गांची मोजदाद झाली, तेव्हा दक्षिणेतल्या, खेड्यातल्या, कमी उत्पन्नाच्या आणि कृष्णवर्णीय-हिस्पॅनिक वस्तीच्या भागांत वर्गच कमी निघाले. वर्गाला पैसे पडतात, रजा काढावी लागते, तो इंग्रजीत असतो. आणि ज्याच्याकडे देशात राहण्याची कागदपत्रं नाहीत तो आणीबाणीच्या नंबरवर फोन करायलाच कचरतो, कारण फोनमागून पोलीस येतात.

पिट्सबर्गची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १९६० च्या दशकात तिथे आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी यायची. मागे टाकलं की निघाली, मागे बसायला कुणी नाही. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीमागचे डॉक्टर पीटर सफार याच शहरात होते. १९६७ मध्ये हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना, ज्यांना "कामाला लावण्यालायक नाही" असं लोक म्हणत, त्यांना निवडून सफारनी महिनोन्‌महिने प्रशिक्षण दिलं. 'फ्रीडम हाऊस' रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ती देशातल्या पहिल्या खऱ्या पॅरामेडिक, म्हणजे दवाखान्याबाहेरच उपचार सुरू करणाऱ्या प्रशिक्षित लोकांच्या, सेवांपैकी एक होती. काही काळ शहरातली सगळ्यात चांगली आणीबाणी सेवा शहराच्या सगळ्यात गरीब वस्तीत होती. १९७५ मध्ये पालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद पडलं. त्यामुळे वस्ती गरीब म्हणून सेवा वाईट, हा निसर्गनियम नाही. कुणीतरी तसं ठरवलेलं असतं.

हे बदलता येतं का? की पिढ्या जाव्या लागतात?

डेन्मार्कला दहा वर्षं लागली. २००१ मध्ये तिथे २१ टक्के अरेस्टमध्येच जवळचे लोक सीपीआर देत. जानेवारी २००५ पासून शाळेत ते शिकवणं सक्तीचं झालं, २००६ च्या ऑक्टोबरपासून गाडीचा परवाना काढायला प्रथमोपचाराचा वर्ग आवश्यक झाला. शॉक देणारी यंत्रं सार्वजनिक ठिकाणी लागली. २०१० मध्ये प्रमाण ४४.९ टक्के होतं, आणि महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ वर गेलं होतं.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिकसन कोसळला, ते अनेकांनी थेट पाहिलं. सहकारी त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले आणि आत दाब चालू होता. तो पुढे पुन्हा खेळला.

आशियात काय चित्र आहे?

जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया, मलेशिया, थायलंड, तैवान आणि दुबई यांनी २००९ ते २०१२ या काळातल्या ६६,७८० अरेस्टची एकत्र नोंद केली. जवळच्या लोकांनी सीपीआर देण्याचं प्रमाण १०.५ पासून ४०.९ टक्क्यांपर्यंत होतं, वाचणाऱ्यांचं ०.५ पासून ८.५ टक्क्यांपर्यंत. आणि लोकांनी यंत्राने शॉक दिल्याचं प्रमाण सगळीकडे मिळून एक टक्क्याच्याही आत.

जपानची एक नोंद इथे द्यायलाच हवी. नोव्हेंबर २००२ मध्ये प्रिन्स ताकामादो टोकियोतल्या कॅनडाच्या वकिलातीत स्क्वॉश खेळताना कोसळले आणि वयाच्या ४७ व्या वर्षी गेले. तोवर जपानमध्ये सामान्य माणसाला शॉक देण्याच्या यंत्राला हात लावायची मुभा नव्हती. जुलै २००४ मध्ये ती मिळाली. आज तिथे रेल्वे स्थानकांत ही यंत्रं नजरेला पडतात. राजघराण्यातला माणूस जावा लागला म्हणून नियम बदलला, असं मी म्हणत नाही. पण तारखा शेजारी-शेजारी आहेत.

आणि महाराष्ट्रात?

आपल्याकडे देशभरची अशी नोंदवहीच नाही, त्यामुळे "नाशिकमध्ये इतके, नागपुरात तितके" असं सांगणारा माणूस भेटला तर त्याला आकडा कुठून आला ते विचारा. तेलंगणातल्या वरंगळ भागात अशी नोंद ठेवण्याचा एक प्रयत्न झाला आहे. १०८ ची सेवा गोव्यात २००८ पासून आहे, महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून. आपल्या गाडीत डॉक्टर असतो, आणि तो बऱ्याचदा बीएएमएस असतो.

पण माझ्या मते आपली खरी अडचण गाडीच्या आधीची आहे. कुणी कोसळलं की आपल्या घरातली पहिली हालचाल असते ती चावी शोधण्याची. चौघं मिळून उचलतात, जिन्यातून खाली आणतात, मागच्या सीटवर दुमडून घालतात आणि हॉर्न वाजवत निघतात. प्रेमापोटीच करतात. पण त्या सगळ्या वेळात छातीवर एकही दाब पडत नाही, आणि मागच्या सीटवर तो देताही येत नाही. सपाट कडक जमिनीवर आडवं करणं, एकाने १०८ किंवा ११२ लावणं आणि दुसऱ्याने लगेच दाब सुरू करणं, यासाठी "काहीतरी करा, उचला" म्हणणाऱ्या दहा नातेवाइकांना तोंड द्यावं लागतं. ते दाब देण्यापेक्षा अवघड आहे.

विमानतळांवर मात्र सीआयएसएफच्या जवानांनी दाब देऊन प्रवासी वाचवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. शिकवलेली माणसं दर काही पावलांवर उभी असली की काय होतं, ते लास व्हेगासला जायला न लागता दिसतं.

वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवणं बरोबर आहे का?

जपूनच ठेवावेत. एका शहरात प्रत्येक मृत माणूस मोजला, दुसऱ्यात फक्त ज्याच्यावर उपचार सुरू केले तो मोजला, तर दुसरं शहर आपोआप हुशार दिसतं. हा घोळ मिटवायला १९९० मध्ये नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या उटस्टाइन मठात तज्ज्ञ बसले आणि काय, कसं मोजायचं याची एकच पद्धत ठरवली. तिला आजही उटस्टाइन पद्धत म्हणतात. या पानावर शिकागो आणि सिॲटल शेजारी ठेवले आहेत, पण डेन्मार्कचा आकडा अलाबामाच्या आकड्यावर ठेवून बघू नका.

तोंडाला तोंड लावायला कसंतरी वाटतं. ते करावंच लागतं का?

मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं असेल तर नाही. ॲरिझोना राज्याने २००५ पासून लोकांना फक्त छातीवर दाब द्या एवढंच सांगितलं. पाच वर्षांत सीपीआर देणारे २८.२ वरून ३९.९ टक्के झाले आणि वाचणारे ३.७ वरून ९.८ टक्के. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धत सांगितली तीही फक्त दाबाचीच आहे: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १२० च्या गतीने. मोठ्याने मोजत दिलं की गती राहते, आणि दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण थकलेला हात नकळत वरवर दाबायला लागतो.

बुडालेला माणूस आणि लहान मूल यांचं मात्र वेगळं. तिथे श्वासच आधी संपलेला असतो, म्हणून तोंडाने श्वास द्यायला शिकून घ्यावं. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

श्वास चालू असल्यासारखा वाटत होता, म्हणून आम्ही थांबलो.

हे फार वेळा ऐकलंय. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनच आचका दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेतो. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल तर दाब सुरू करा. कांदा फोडून नाकाशी धरू नका, तोंडात पाणी घालू नका.

बरगडी मोडली तर?

मोडू शकते. जुळते.

कोसळलेली बाई असेल आणि आजूबाजूला सगळे पुरुष असतील तर?

हात लावायचा. अमेरिकेत २०१८ मध्ये आकडे आले, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना सीपीआर मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. तिथे ही कथा, तर आपल्याकडच्या एसटी स्टँडची कल्पना करा. शिबिरात आम्ही बायकांना मुद्दाम पुढे बसवतो, आणि पुरुषांना सांगतो की जवळ बाई असेल तर तिला हाक मारा, पण तिची वाट बघत थांबू नका. साडी-कुर्त्यावरून दाब देता येतो. शॉकच्या पट्ट्या लावायच्या असतील तरच कपडे बाजूला करावे लागतात, तेव्हा ओढणी किंवा चादरीचा आडोसा धरायला दोघं पुरतात.

नंतर पोलिसांचं लफडं?

रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आणि पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए ने संरक्षण दिलं. पण ते कलम रस्ते अपघातापुरतं आहे, हे बरेच जण विसरतात. घरात किंवा बागेत कोसळलेल्यासाठी आधार आहे तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा: संमती घेणं शक्य नसताना त्याच माणसाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेतही ते कलम होतं, ९२ क्रमांकाचं.

जर्मनीत कायदा दुसऱ्या बाजूने बोलतो. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम ३२३सी नुसार शक्य असूनही मदत न करणं हाच गुन्हा आहे.

आमच्या गावात गाडी यायलाच अर्धा तास लागतो. मग दाब देऊन काय उपयोग?

प्रामाणिक उत्तर: शक्यता कमीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ग्रामीण भागातले लोक शहरातल्यांपेक्षा जास्त वेळा सीपीआर देताना दिसले, तरी वाचणारे कमी होते, कारण शॉक उशिरा पोचतो. दाब वेळ विकत घेतो, हृदय सहसा सुरू करत नाही. म्हणून गावात शॉकचं यंत्र जवळ असणं शहरापेक्षा जास्त मोलाचं आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोलीस पाटलाकडे, शाळेत. स्वीडनमध्ये तर यंत्र ड्रोनने पाठवतात. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रोलहेटनला असा एक माणूस वाचला. आपल्याला ड्रोन लांबचा आहे, पण मोटरसायकल प्रत्येक गावात आहे.

आईबाबा सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे असतात. तिथे काही झालं तर?

९११ लावायचं. व्हिसा कुठला आहे हे कुणी विचारत नाही. फोनवरचा माणूस दाब कसा द्यायचा ते सांगतो, पण इंग्रजीत. बऱ्याच केंद्रांना दुभाष्याची सोय असते, तरी दुभाषी जोडेपर्यंत वेळ जातो, आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांच्या फोनवर दाब सुरू व्हायला उशीर होतो हे किंग काउंटीतही दिसलं आहे. म्हणून मुलं ऑफिसला गेल्यावर घरात दोघंच असणाऱ्या आईबाबांकडून तीन गोष्टी पाठ करून घ्या: घराचा पूर्ण पत्ता, "नॉट ब्रीदिंग" हे दोन शब्द आणि "मराठी" हा एक. पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा. बहुतेक आजींना तो सांगता येत नाही, "एडिसनला, मॉलच्या मागे" एवढंच येतं.

सोसायटीत शॉकचं यंत्र घ्यायचं ठरलंय. काय बघावं?

एईडी असं त्याचं नाव. चालू केलं की ते बोलून सूचना देतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे चुकीच्या माणसाला शॉक बसेल ही भीती नको. घेताना पट्ट्या आणि बॅटरी कधी बदलायच्या ते लिहून घ्या आणि ते काम एका माणसाच्या नावावर टाका, कमिटीच्या नावावर नको. उंच इमारत असेल तर ते लॉबीत ठेवावं आणि एक लिफ्ट आणीबाणीत खाली धरून ठेवायची हे वॉचमनला शिकवावं.

आणि कुलूप लावू नका. एका सोसायटीत आम्ही शिबिर घेतलं, यंत्र नवं कोरं होतं, भिंतीवर हिरवी पाटीही होती. कपाटाला कुलूप. चावी कुठे? ऑफिसमध्ये. ऑफिस? संध्याकाळी सहाला बंद होतं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, चोरीला गेलं तर?"